अंधाऱ्या खोलीतले पाढे

मॅडम समुद्राकडे पाठ करून कधी उभ्या राहिल्या नाहीत. फोटोसाठीसुद्धा नाही. प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर सगळ्यांचे फोटो मागे खाडी दिसेल असे काढलेले आहेत. एकट्या मॅडमच्या फोटोत मागे पार्किंग लॉट आहे आणि त्या किंचित डावीकडे बघतायत. फोटो काढणाऱ्याने तीनदा विनंती केली होती. त्या म्हणाल्या, "मला ते दिसायला हवं. तुम्हाला तुमच्या फोटोत दिसलं नाही तरी चालेल."

उभा जन्म त्यांनी समुद्रातल्या शेवाळावर काम केलं. त्यांना पोहता येत नव्हतं. ओहोटीला नमुने गोळा करायला विद्यार्थी खडकांवर उतरायचे तेव्हा मॅडम वर, भरतीची रेघ जिथे संपते त्याच्याही मागे, रेनकोट घालून उभ्या असायच्या आणि दर थोड्या वेळाने हाक मारायच्या. हाकेला उत्तर आलं नाही की नाव घेऊन मारायच्या. एका नव्या मुलीने विचारलं होतं, "मॅडम, समुद्र इतका आवडतो तर तुम्ही खाली का येत नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "आवडतो असं तुला कोणी सांगितलं?"

मी त्यांच्याकडे आठवड्यातले तीन दिवस जायचो. पत्नीची नोकरी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला, एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. माझी त्याआधीची सगळी वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेलेली. प्रयोगशाळेला अहवाल सोप्या भाषेत लिहून देणारा माणूस हवा होता. उत्तरेकडे गाडी चालवत खाडीकाठी जायचं, शास्त्रज्ञांची लांब वाक्यं तोडायची आणि संध्याकाळी पावसातून परत यायचं, असं माझं काम होतं.

पहिल्याच मसुद्यात मी लिहिलं होतं की समुद्र आम्लधर्मी झाला आहे. मॅडमनी कागद परत आणून दिला.

"झालेला नाही. अजून अल्कलाइनच आहे. तिकडे सरकतोय."

"वाचणाऱ्याला तेवढा फरक कळणार नाही," मी म्हणालो.

"मग कळेल असं लिहा. भीती घालायची तर खरी घाला. खोटी घातली की लोक एकदा घाबरतात आणि सुटतात."

त्यांच्या भीतीबद्दल प्रयोगशाळेत सगळे हसत. त्या लिफ्टमध्ये चढत नसत. फेरीबोटीवर गाडी चढवली की लगेच उतरून वरच्या डेकवर, लाइफ जॅकेटच्या पेटीशेजारी जाऊन बसत. वादळाचा इशारा आला की घरी न जाता ऑफिसात थांबत, कारण वाटेतली झाडं उंच होती. पंप आणि पाइप सांभाळणारा डेल नावाचा माणूस पूर्वी मासेमारीच्या बोटीवर होता. तो त्यांना विचारायचा, "डॉक्टर, आज कशाची पाळी?" मॅडमना राग येत नसे. मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं, "मी घाबरट नाही हो. वाचलेलं विसरत नाही, एवढंच."

ज्या शेवाळावर त्यांचं काम चाले, ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं आणि ओळखलेलं नसतं. ओहोटीच्या वेळी खडकांवर गुलाबी रंग सांडल्यासारखा एक कडक थर दिसतो. लोकांना तो दगडाचाच रंग वाटतो. ते शेवाळ असतं. ते समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःच्या अंगाभोवती चुनखडीची भिंत बांधतं. शंख-शिंपल्यांची पिल्लं तरंगत येतात आणि तो थर सापडला की त्याच्यावर वस्तीला बसतात. थर नसेल तर पुढे निघून जातात आणि बहुतेक मरतात.

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो तसा तो पाण्यात जास्त मुरतो आणि अशा पाण्यात चुना टिकवणं अवघड होतं. इथपर्यंत वर्तमानपत्रांतही येतं. मॅडमचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. उजेड असताना हे शेवाळ अन्न तयार करतं आणि त्यासाठी भोवतालच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं. म्हणजे त्याच्या अंगालगतचं पाणी, केसाएवढ्या जाडीचं का होईना, बाहेरच्यापेक्षा सुसह्य असतं. अंधार पडला की हे थांबतं. मग ते नुसता श्वास सोडत राहतं आणि स्वतःच्याच श्वासाने अंगालगतचं पाणी बिघडवतं. दिवसा भिंत चढते, रात्री झिजते. उजेड फार झाला तरी ते पांढरं पडतं, पण इथे, वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर, उजेड फार होण्याची काळजी कोणी करत नाही. हिवाळ्यात दुपारीच दिवे लागतात, ढग हटत नाहीत आणि खोल खडकांवर जेमतेम उजेड पोचतो. पुढच्या काळातलं पाणी आणि इथला हिवाळा एकत्र आले, तर चढलेली भिंत झिजेला पुरेल का, हे मॅडमना मोजायचं होतं. उत्तर काय येईल याचा त्यांना अंदाज असावा. त्याबद्दल त्या बोलत नसत.

रेडमंडच्या महाराष्ट्र मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाला मी त्यांना एकदा घेऊन गेलो होतो. शाळेच्या जिममध्ये दाराशी मोठी रांगोळी काढलेली होती. मुलांना शेवाळाबद्दल दोन शब्द सांगा, असं कोणीतरी म्हणालं. मॅडमनी जेवणाच्या टेबलावरून लिंबाची फोड उचलली, रांगोळीशी वाकल्या आणि कमळाच्या पाकळीवर ती पिळली. चुनखडीची पांढरी भुकटी फसफसली आणि पाकळीला भोक पडलं.

"व्होआ, डू इट अगेन," एक मुलगा म्हणाला.

"एकदा पुरे," मॅडम त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "समुद्र लिंबू नाही. तो हेच फार हळू करतो. हळू केलेलं कोणाला दिसत नाही."

मुलगा आईला जाऊन बिलगला. रांगोळी काढणाऱ्या काकू माझ्याकडे बघत होत्या. "तुमच्या गेस्ट आहेत ना या? सकाळी सातपासून बसले होते हो मी." मॅडमनी त्यांची माफी मागितली, खाली बसल्या आणि पाकळी पुन्हा भरून दिली. हात सफाईदार होता. काकूंनी नंतर त्यांना आग्रह करून दोनदा श्रीखंड वाढलं.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला एक बिनखिडकीची खोली होती. तिला सगळे डार्क रूम म्हणत. आत दोन रांगांत टाक्या होत्या आणि टाक्यांत गुलाबी थर असलेले दगडाचे तुकडे. एका रांगेतल्या पाण्यात बाहेरच्या सिलिंडरमधून नळीने कार्बन डायऑक्साइड सोडलेला असे, पुढच्या काळातलं पाणी तयार करायला. दुसऱ्या रांगेत आजचं, नेहमीचं पाणी. त्यात छोट्या पंपाने खोलीतलीच हवा सोडली जाई. शेजारच्या खोलीत अशाच टाक्या दिव्यांखाली होत्या. डार्क रूममध्ये मात्र हिवाळाभर उजेडाचा एक कण जाता कामा नये, अशी व्यवस्था होती. दाराच्या आत जाड काळा पडदा. टाक्यांना नंबर नव्हते, दोऱ्याच्या गाठी होत्या. आतलं सगळं काम बोटांनी चाचपून करायचं. हेडलॅम्प नाही, फोन नाही, चमकणारं घड्याळसुद्धा नाही.

आणि कमरेला दोरी. तिचं दुसरं टोक बाहेर, माझ्या टेबलाच्या पायाला बांधलेलं असे. डेल तिला कुत्र्याचा पट्टा म्हणायचा.

दोरीचं कारण मॅडमनी एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांचं माहेर सांगलीजवळचं. वडिलांचा हळदीचा व्यवहार. हळद तिकडे जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेव म्हणजे अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी खोल खोली. बंद पेवात हवा बिघडते आणि ते वरून बघून कळत नाही. म्हणून तोंड उघडल्यावर ते बराच वेळ तसंच ठेवायचं, मग आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि पेवाच्या तोंडावर एक माणूस कान देऊन बसलेला.

"आमच्याकडे एक जण कंदील न सोडता उतरला," मॅडम म्हणाल्या. "त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. भावाला काढायला चुलतभाऊ निघाला होता, त्याला माझ्या वडिलांनी मिठी मारून धरलं. मी तिथे होते. वरून काही दिसत नाही. आवाज थांबतो, तेवढंच कळतं."

डार्क रूममध्ये कंदील सोडता येत नव्हता. भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा अलार्म होता, पण मॅडमचा विश्वास माणसाच्या आवाजावर. आत गेलेल्याने सतत बोलत राहायचं आणि बाहेरच्याने ऐकायचं. बाहेरच्याला त्या 'तोंडावरचा' म्हणत. माझं टेबल दाराशेजारी होतं, त्यामुळे तोंडावरचा बहुतेक वेळा मीच असे.

गाणं म्हणायला बंदी होती. "गाणं माणूस झोपेतही म्हणतो," त्या म्हणत. "पाढे म्हणा. डोकं बिघडलं की पाढा आधी बिघडतो." त्यामुळे दाराआडून सतराचा, अठराचा, एकोणीसचा पाढा ऐकू यायचा. डेलला पाढे येत नव्हते. तो अमेरिकेतली राज्यं वर्णक्रमाने म्हणायचा आणि मिसिसिपी नेहमी गाळायचा. मॅडम बाहेरून ओरडायच्या, "मिसिसिपी." तो आतून म्हणायचा, "मुद्दाम गाळलं, डॉक्टर. तुम्ही ऐकताय का बघत होतो."

सगळ्यात जास्त वेळ आत जायची ती गार्गी. नाशिकच्या सायन्स कॉलेजातून आलेली, मॅडमची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. तिचा सगळा प्रबंध त्या खोलीवर उभा होता. मला ती दादा म्हणायची आणि मॅडमच्या नकला करायची. "दादा, मी घाबरट नाही हो, मी फक्त रोज दोरी बांधून मत्स्यालयात जाते."

मॅडमना गॅसची भीती होती तेवढीच उजेडाची. अंधारात उजेड शिरला की हिवाळ्याची मेहनत वाया. त्या डार्क रूममध्ये जाऊन स्टुलावर बसत, डोळे सरावेपर्यंत थांबत आणि मग आतून सांगत, "डावीकडे. चौकटीच्या खाली. बारीक आहे, पण आहे." बाहेरून गार्गी किंवा मी काळी चिकटपट्टी लावायचो. त्यांच्या कोटाच्या खिशात त्या पट्टीचं रीळ कायम असे. सवय इतकी जडली होती की त्यांना उजेडाचा ठिपका कुठेच सहन होत नसे. त्यांचा मुलगा नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहतो. तो एकदा आईला भेटायला आला तेव्हा आम्हाला हसत सांगत होता, "शी टेप्स एव्हरीथिंग. राउटर, टीव्ही, मायक्रोवेव्ह. मी आईला म्हटलं, मॉम, दॅट्स द स्मोक अलार्म." मॅडमही हसल्या. "काढली ना मग लगेच," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात नेहमीच्या पाण्याच्या टाक्यांचे आकडे बिघडायला लागले. सिलिंडरचा गॅस ज्यात जात नव्हता त्या टाक्यांतलं पाणीही आम्लाकडे सरकताना दिसत होतं. थोडं, पण रोज. पाण्याचा आम्लपणा मोजायला आत बुडवलेल्या प्रोबच्या तारा भिंतीतून बाहेर येत आणि आकडे बाहेरच्या स्क्रीनवर दिसत.

"मॅडम, प्रोब परत ड्रिफ्ट होतोय," गार्गी म्हणाली.

"कॅलिब्रेट केलास?"

"दोनदा."

"मग बदल."

प्रोब बदलला. नव्यानेही तेच सांगितलं. दुसऱ्या कंपनीचा मागवला. याच दिवसांत गार्गीचं डोकं दुखायचं. खोलीतून बाहेर आली की ती खुर्चीत बसून कपाळ दाबायची. इथल्या हिवाळ्यात सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. मी तिला व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आणून दिल्या. मॅडमनी तिला जेवून येत जा म्हणून बजावलं. झाड पडेल म्हणून ऑफिसात झोपणाऱ्या मॅडम त्या आकड्यांना घाबरल्या नाहीत. समुद्राच्या बाबतीत पन्नास शक्यता तपासणाऱ्या बाईंनी इथे एकच धरली, की यंत्र चुकतंय.

ती दुपार पावसाची होती. हिवाळ्याचा प्रयोग संपायला थोडे आठवडे उरले होते. गार्गीने कमरेला दोरी बांधली, पडदा सारून आत गेली, दार लागलं आणि पाढा सुरू झाला. मी एका अहवालाचं पान दुरुस्त करत होतो. सतराचा झाला, अठराचा झाला. एकोणीसच्या पाढ्यात तिचा श्वास ऐकू यायला लागला. जिना चढून आल्यावर बोलावं तसा.

"एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक… सत्तावन्न."

थांबली.

"एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस त्रिक सत्तावन्न."

"गार्गी, बरी आहेस ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. आवाज वैतागल्यासारखा होता.

समोर मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. मॅडम तिथून कधी उठल्या ते मी पाहिलं नाही. त्या आल्या आणि दाराला कान लावला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. हात कडीवर होता.

"गार्गी, एकोणीस सोड. बेचा म्हण."

आत काहीतरी सांडल्याचा आवाज झाला.

"गार्गी. बेचा पाढा."

"बे एके बे," आतून आलं. मध्ये पुष्कळ श्वास. "बे दुणे चार. बे त्रिक सत्तावन्न."

मॅडमचा हात कडीवर तसाच राहिला. दार उघडलं तर पडद्याच्या दोन्ही बाजूंनी कॉरिडॉरचा उजेड आत जाणार होता आणि हिवाळाभर जपलेला अंधार संपणार होता. त्या किती वेळ तशा उभ्या होत्या, ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण त्या उभ्या होत्या, हे मी पाहिलं.

मग त्यांनी कडी काढली, दार भिंतीवर आपटलं आणि पडदा दोन्ही हातांनी ओढून गजासकट खाली पाडला.

गार्गी दोन टाक्यांच्या मध्ये जमिनीवर बसली होती. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. मी पुढे झालो. मॅडमनी माझ्या छातीवर हात आडवा मारला. इतक्या जोरात मारतील असं वाटलं नव्हतं.

"आत नाही. दोरी ओढा."

दोघांनी ओढलं. ती एका कुशीवर पडली आणि ओल्या फरशीवरून घसरत बाहेर आली. तिचा बूट एका टाकीच्या पायात अडकला, तो तिथेच राहिला. आम्ही तिला फरफटत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत नेलं आणि बाहेरचं दार उघडलं. पाऊस आत आला. आरडाओरडा ऐकून डेल आला होता. त्याने काही न विचारता बाहेर पळत जाऊन सिलिंडर बंद केलं. अॅम्ब्युलन्सला फोन मी केला.

थोड्या वेळाने गार्गी ओकली. मग तिने मान वळवली.

"दार कोणी उघडलं?" ती म्हणाली.

मी तिच्या अंगावर माझा कोट टाकला.

"मॅडम, दार कोणी उघडलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "गप्प पड."

तिला नेल्यावर डेलने खोलीची हवा बराच वेळ जाऊ दिली, मोठा पंखा आणून दारात लावला आणि श्वास धरून आत गेला. एका टाकीजवळ नळीचा जोड सैल झाला होता. तो कधीपासून झिरपत होता कोण जाणे, त्या दिवशी पुरता निसटला होता. हवा बाहेर जायची जाळी काळ्या कापडाने झाकलेली होती, कारण जाळीतून उजेड यायचा. आणि भिंतीवरच्या अलार्मवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. अलार्म चालू असल्याचा एक बारीक हिरवा दिवा असतो, तो झाकण्यासाठी लावलेला. पट्टी रुंद होती. दिव्याशेजारी जी भोकं होती, ज्यांतून यंत्रापर्यंत हवा पोचते, तीही तिच्याखाली गेली होती.

डेल अलार्म काढून कॉरिडॉरमध्ये घेऊन आला आणि नखाने पट्टी सोलली. खाली फरशीशी अजून गॅस साचलेला असेल, तिथे धरून बघतो म्हणून तो पुन्हा दारापर्यंत गेला. थोड्या वेळाने अलार्म त्याच्या हातात वाजायला लागला. तो बंद कसा करायचा हे कोणालाच आठवेना. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खिडकीकडे, खाडीकडे, पाठ करून उभं असलेलं पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

सुरक्षा खात्याकडून चौकशीला आलेल्या बाई सौम्य होत्या. पट्टी कोणी लावली, असं त्यांनी विचारलं. हॉस्पिटलमधून परतलेली गार्गी म्हणाली, "आम्ही सगळेच लावायचो." ते खरंही होतं.

"अलार्मवरची मी लावली," मॅडम म्हणाल्या. "जाळीवरचं कापडही मीच. आणि दार उघडायला मला वेळ लागला. तेही लिहा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, असंच झालं.

त्यांच्या अहवालात शेवटी असं होतं की जाळी मोकळी केली, अलार्म दोन बसवले आणि दारावर आतली हवा दाखवणारा आकडा लावला, तर खोली पुन्हा वापरता येईल. गार्गीने ते वाचून उड्या मारल्या. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यापासून सुरू करायचं, असं तिने ठरवलं होतं. नाशिकहून तिच्या आईचे मला फोन येत होते. त्यांना मी काय सांगावं हे ती मला शिकवायची. "सांग ना दादा, की मला चक्कर आली. खोटं कुठेय त्यात?"

चुकलेले प्रोब मॅडमनी त्या दिवसांत टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. चुकलेले म्हणजे, चुकलेले नव्हतेच. झिरपणारा गॅस खोलीच्या हवेत साचत होता, ती हवा पंपाने नेहमीच्या पाण्यात जात होती आणि ते पाणी खरोखरच बिघडत होतं. प्रत्येक प्रोबने ते बरोबर सांगितलं होतं. त्याच हवेत गार्गी एकोणीसचा पाढा म्हणत होती.

एका सकाळी मी पोचलो तेव्हा मॅडम डार्क रूमच्या दाराशी स्टूल ठेवून उभ्या होत्या. हातात डेलचा स्क्रूड्रायव्हर होता. वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून झाले होते, ते त्यांनी ओठांत धरले होते. गार्गी माझ्या पाठोपाठ आली आणि कॉरिडॉरमध्येच थांबली.

"मॅडम, हे काय करताय?"

मॅडमनी ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले. "दार काढतेय."

"त्यांनी सांगितलंय वापरता येईल म्हणून."

"त्यांनी सांगितलंय."

"माझा थिसिस आहे तो."

"उजेडाच्या टाक्यांवर होईल थिसिस. चांगला होईल."

"अर्धा होईल," गार्गी म्हणाली. "लोक विचारतील अंधारात काय झालं. काय सांगू? दार काढलं?"

"तसंच सांग."

गार्गी त्यांच्या बाजूने आत गेली. टाक्यांतले पंप बंद होते. तिने पुढच्या काळातल्या पाण्याच्या टाकीतून एक दगड उचलला. थर गुलाबी राहिला नव्हता, कडांनी खडूसारखा पांढरा झाला होता. तिने अंगठ्याने दाबला तर कड मोडून तळहातावर आली. मग तिने पलीकडच्या रांगेतला, नेहमीच्या पाण्यातला दगड घेतला. त्याचीही कड मोडली. ती दोन्ही तळहात घेऊन दारात आली.

"हे अंधारामुळे की पाण्यामुळे?" तिने विचारलं. "दोन्ही रांगांत एकच पाणी झालंय. काहीच कळत नाही यातून."

"नाही कळणार."

"तुम्हाला उत्तराचीच भीती वाटते, मॅडम. पहिल्यापासून."

"वाटते," मॅडम म्हणाल्या आणि स्टुलावरून उतरून मधल्या बिजागरीशी आल्या. "पण दार त्यासाठी नाही काढत. त्या दिवशी माझा हात कडीवर थांबला होता."

मॅडमनी एक स्क्रू काढला, मग दुसरा. दार जड होतं. आतून लोखंडी पत्र्याने मढवलेलं, उजेड अडावा म्हणून. एकाच बिजागरीवर राहिल्यावर ते कललं आणि चौकटीत करकरलं. मी पुढे व्हायच्या आत गार्गीने हातातली भुकटी पँटला पुसली आणि खांदा दाराला लावला. तिचे डोळे भरले होते आणि ती मॅडमकडे बघत नव्हती.

खालचा शेवटचा स्क्रू निघाला. सगळा भार तिच्यावर आला.

"सावकाश," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पायावर पडेल."